बायबलची सृष्टिकथा आणि विज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या दोन अध्यायांचा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अंगाने अर्थ लावायचा म्हटलं की वसईपासून गिरगावपर्यंत तेच ते प्रश्न येतात. ते इथे साध्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात आला असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा नेमका प्रकार काय? बायबल विज्ञानाने सिद्ध करायचा प्रयत्न आहे का?

नाही. हा कल्पनेचा व्यायाम आहे, पण त्याला शिस्त आहे. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात मजकूर काय म्हणतो ते जसंच्या तसं, अध्याय आणि ओवीसह. दुसऱ्यात विज्ञानाला आज काय माहीत आहे ते, आकड्यासह. तिसऱ्यात तुम्ही स्वतः काय जोडताय ते. या विषयावरची बहुतेक भांडणं तिसऱ्या रकान्यातली गोष्ट गुपचूप पहिल्या किंवा दुसऱ्या रकान्यात सरकवल्यामुळे होतात. या तीन रकान्यांशिवाय एक ओळ प्रत्येक मांडणीखाली लिहायचीच: ‘हे चूक ठरेल, जर…’ ही ओळ भरता येत नसेल तर मांडणी अजून कच्ची आहे.

२. सहा दिवसांत काय काय झालं, एकदा थोडक्यात सांगाल का?

पहिल्या दिवशी प्रकाश, आणि प्रकाश-अंधार वेगळे. दुसऱ्या दिवशी अंतराळ, म्हणजे खालचं पाणी आणि वरचं पाणी यांच्यामधला पडदा. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, गवत, बी देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडं. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी जलचर आणि पक्षी. सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. सातव्या दिवशी विश्रांती. ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे पालुपद पहिल्या सहा दिवसांना आहे, सातव्याला नाही. दिवस म्हणजे लांब काळखंड मानणारे यावर बराच भर देतात: सातवा दिवस संपलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं.

३. ‘प्रकाश होवो’ म्हणजे बिग बँग, असं म्हणता येईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्याला मोठा इतिहास आहे. विश्व प्रसरण पावतंय आणि एका अतिशय दाट अवस्थेपासून सुरू झालं, ही कल्पना (हाच बिग बँगचा गाभा) १९२७ आणि १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धान्ताची सांगड ‘प्रकाश होवो’शी घातली. लमेत्रना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्मश्रद्धेच्या बाजूनेही वापरू नये आणि विरोधातही नको, ही त्यांची भूमिका होती. ज्याने सिद्धान्त मांडला आणि जो रोज मिस्सा अर्पण करत होता, त्याचंच हे मत असल्याने ते गांभीर्याने घ्यावं.

आता तपशील. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. पहिली साधारण ३,८०,००० वर्षं सगळीकडे इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाशकण दर पावलाला त्यांना धडकत होते. प्रकाश होता, पण कोंडलेला. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज २.७ केल्विनइतका थंड होऊन सूक्ष्मलहरींच्या रूपात चहूबाजूंनी येतो. पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना तो १९६४ मध्ये ॲन्टेनातला न हटणारा गोंगाट म्हणून सापडला. त्यासाठी त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

म्हणून जुळवायचंच असेल तर ‘प्रकाश झाला’ हे बिग बँगच्या क्षणाला चिकटवण्यापेक्षा ‘प्रकाश अंधारापासून वेगळा केला’ हे या मोकळं होण्याला जोडणं जास्त रंजक आहे. त्यानंतर पहिले तारे पेटेपर्यंत विश्व खरोखरच अंधारात होतं. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या हायड्रोजनचा क्षीण रेडिओ संदेश शोधण्याच्या कामात नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची महादुर्बीणही आहे.

अडचण कुठे? उत्पत्तीत प्रकाशाच्या आधीच पृथ्वी आणि पाणी आहे (१:२, म्हणजे अध्याय १, ओवी २). विज्ञानात पाण्यातला ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला, म्हणजे पाणी प्रकाशानंतर बरंच उशिरा आलं. हे दुसऱ्या रकान्यात स्पष्ट लिहा.

४. दिवस म्हणजे काळखंड मानला तर क्रम जुळतो ना?

अर्धा जुळतो. प्रकाश सूर्याच्या आधी: जुळतं. पाण्यातले प्राणी जमिनीवरच्या प्राण्यांच्या आधी: जुळतं. माणूस शेवटी: जुळतं, आपली जात अवघी तीन लाख वर्षांची.

न जुळणाऱ्या गोष्टी तीन, आणि तिन्ही मोठ्या. फळझाडं तिसऱ्या दिवशी आहेत, मासे पाचव्या. जीवाश्मांत मासे ५० कोटी वर्षांहून जुने आणि सपुष्प वनस्पती सुमारे १३ कोटी वर्षांच्या, म्हणजे क्रम सरळ उलटा. दुसरी गोष्ट पक्ष्यांची. ते जमिनीवरच्या प्राण्यांच्या आधी आहेत. प्रत्यक्षात चार पायांचे प्राणी सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर आले आणि पक्षी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या एका शाखेतून. तिसरी, मोठ्या जलचरांत देवमासा धरला तर तो जमिनीवरच्या खुरांच्या प्राण्यांपासून साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी पाण्यात परतला. त्याच्या सुरुवातीच्या नातलगांचे जीवाश्म आपल्या कच्छमध्येच मिळतात.

‘तिसऱ्या दिवसाची वनस्पती म्हणजे शेवाळ’ अशी पळवाट नेहमी सुचवली जाते. मजकुरात फळ आणि फळातलं बी स्पष्ट आहे. पहिला रकाना बदलायचा नाही, एवढा नियम पाळला तर ही पळवाट बंद होते.

५. सूर्य चौथ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवसाची झाडं जगली कशी?

तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडितानेही विचारलं होतं: सूर्य नसताना पहिले तीन दिवस कसले?

तंत्रवैज्ञानिक उत्तर असं दिलं जातं: कथा सांगणारा पाण्याच्या पृष्ठभागावर उभा आहे असं माना (१:२). सुरुवातीचं वातावरण दाट आणि धुरकट. उजेड झिरपतो, दिवस-रात्र कळतात, पण सूर्याची चकती दिसत नाही. चौथ्या दिवशी आभाळ निवळतं आणि सूर्य-चंद्र ‘दिसू’ लागतात. हे अशक्य मुळीच नाही. शुक्राच्या पृष्ठभागावर आजही असाच उजेड आहे आणि शनीच्या टायटन या चंद्रावर नारिंगी धुकं आहे. अंधूक उजेडात प्रकाशसंश्लेषणही चालतं. अडचण एकच: १:१६ मध्ये ज्योती (म्हणजे सूर्य-चंद्र) ‘केल्या’ असं आहे, ‘दिसल्या’ असं नाही.

दुसरं वाचन आम्हाला अधिक भक्कम वाटतं, आणि त्याला विज्ञान लागतच नाही. पहिले तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन त्या भरतात: प्रकाश-अंधार आणि सूर्य-चंद्र, आकाश-पाणी आणि पक्षी-मासे, जमीन-वनस्पती आणि प्राणी-माणूस. म्हणजे क्रम घड्याळाचा नसून रचनेचा आहे. शेजारची बाबिलोनी संस्कृती सूर्य-चंद्राला देव मानत असताना इथे त्यांना चौथ्या दिवसापर्यंत थांबवलंय, हेही लक्षात घ्या.

६. सापेक्षतेमुळे सहा दिवस म्हणजेच १३८० कोटी वर्षं होतात, असं ऐकलंय. गणित खरं आहे का?

गुणाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्याने गुणायचं तो सोयीने निवडलेला असतो. स्वतः करून पाहा. विश्व पसरल्यामुळे जुन्या प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात, आणि किती ताणल्या ते तेव्हाच्या आणि आजच्या तापमानांच्या भागाकारातून मिळतं. अणूंचे घटक जुळले त्या सुमाराला हा आकडा साधारण एक लाख कोटी धरला जातो. सहा दिवस गुणिले एक लाख कोटी, भागिले ३६५: सुमारे १६४० कोटी वर्षं. आकडा थोडा कमी धरला की १३८० येतात.

आता आरंभबिंदू बदला. हलक्या अणुकेंद्रकांची निर्मिती चालू होती तेव्हा तापमान १०० कोटी केल्विनच्या घरात होतं. ते धरलं तर सहा दिवसांची सुमारे ६० लाख वर्षं होतात. प्रकाश मोकळा झाला तो क्षण (प्रश्न ३) धरला तर ताण १०९० पट, आणि सहा दिवसांची जेमतेम १८ वर्षं. उत्तर आधी माहीत असल्याशिवाय यातला कोणता आकडा घ्यायचा हे ठरत नाही. शिवाय लहरी ताणल्या म्हणून तिथलं घड्याळ सहाच दिवस चाललं असं होत नाही. विश्वाबरोबर पसरणाऱ्या कोणत्याही घड्याळावर आरंभापासून आजवर १३८० कोटी वर्षंच मोजली जातील.

७. अंतराळावरचं पाणी म्हणजे पृथ्वीभोवती वाफेचं कवच होतं का? जलप्रलय त्यातूनच आला म्हणतात.

वजन करून बघा. आज जगभरच्या हवेतली सगळी वाफ खाली आणली तर सरासरी २५ मिलिमीटर पाणी होईल. पावसाळ्यात मुंबईवर ती याच्या दुपटीहून जास्त असते, तरीही शंभराच्या आतच. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कुठून आला? अरबी समुद्रावरून ओलं वारं सतत येत राहिलं म्हणून. डोक्यावर साठा नव्हता, पुरवठा चालू होता.

आता कवच. १० मीटर पाण्याचं वजन म्हणजे पूर्ण एका वातावरणाचा दाब. कवचात जेमतेम १० मीटर पाणी ठेवलं तरी खाली हवेचा दाब दुप्पट होतो. शिवाय वाफ हा जोरदार हरितगृह वायू, म्हणजे खालची जमीन भट्टीसारखी तापेल. डोंगर बुडवणाऱ्या पाण्याची तर बातच नको. ही कल्पना गणितावर टिकत नाही.

८. पृथ्वी ६००० वर्षांची असं घरी शिकवलंय. मुंबईत बसून याची पडताळणी करता येते का?

येते. ६००० हा आकडा वंशावळी जोडून काढलेला आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये इसवीसनपूर्व ४००४ हे वर्ष दिलं. बायबलच्या मजकुरात तो आकडा कुठेच लिहिलेला नाही.

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा: सुमारे ६० मीटर उंचीचे बेसॉल्टचे उभे खांब, लाव्हा सावकाश निवताना आकसून तडकल्यामुळे झालेले. दख्खनचा हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. वय काढायला खडकातलं पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार) आणि त्यातून झालेला आर्गॉन वायू मोजतात. पोटॅशियम-४० निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. यंत्रावर विश्वास नसेल तर घाटात लाव्हाच्या दोन थरांमधली तांबडी माती बघा. खालचा लाव्हा निवला, उघडा पडला, त्याची माती झाली, मग वरचा आला. वरळीच्या टेकडीत तर लाव्हाच्या मधल्या गाळखडकात बेडकांचे सांगाडे सापडले. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे इथे तळं होतं, त्यात गाळ बसायला आणि बेडूक नांदायला पुरेसा वेळ होता.

९. सृष्टिकथा म्हणजे एखाद्या ग्रहाला राहण्याजोगं करण्याची कार्यपद्धती, असं वाचता येईल?

कल्पना म्हणून हे वाचन सगळ्यात फलदायी. आभाळ निवळवा, पाणी आवरा, जमीन उघडी करा, वनस्पती लावा, मग प्राणी सोडा. कोणताही अभियंता साधारण याच क्रमाने जाईल, आणि प्रश्न ४ मधली वनस्पती प्राण्यांच्या आधी येण्याची अडचणही इथे सुटते: आधी अन्न आणि ऑक्सिजन, मग खाणारे.

पण वेळ आणि प्रमाण विसरू नका. मंगळावर नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीतल्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे हा साठा साडेतीन तासांचा. पृथ्वीवर हे काम नीलहरित जीवाणूंनी केलं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साचू लागला, कारण त्याआधी समुद्रात विरघळलेलं लोखंडच तो गिळत होतं. कथा रचताना हा लोखंडाचा टप्पा वगळला तर जाणकार वाचक तिथेच अडतो.

१०. माणूस मातीपासून घडवला (२:७). यात वैज्ञानिक तथ्य आहे का?

घटक तपासा. भूकवचात वजनाने ४६ टक्के ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन, ८ टक्के ॲल्युमिनियम. शरीरात ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन, सिलिकॉन नावापुरतं. म्हणजे माती मळून माणूस, हे रसायनात बसत नाही.

एक धागा मात्र खरा आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर आरएनएचे (डीएनएच्या नात्यातल्या रेणूचे) सुटे घटक एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या होतात, हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलंय. आपली काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते ती याच गटातल्या मातीमुळे. मर्यादा अशी की त्या प्रयोगांत घटक आधीच रसायनशास्त्रज्ञांनी तयार करून, जोडायला सज्ज करून दिलेले असतात. ते निसर्गात आपोआप कसे आले हा प्रश्न तसाच उरतो.

११. बरगडीपासून हव्वा म्हणजे भूल, शस्त्रक्रिया आणि क्लोनिंग?

वर्णन चकित करणारं आहे खरं: गाढ झोप, बरगडी काढणं, जागा मांसाने बुजवणं (२:२१). बरगडीत लाल अस्थिमज्जा असते, आणि वरचं आवरण शाबूत ठेवलं तर बरगडी पुन्हा वाढते. शल्यविशारद ती रोपणासाठी वापरतातही. पण पुरुषाच्या पेशीचा सरळ क्लोन पुरुषच होईल. स्त्री हवी तर वाय गुणसूत्र काढून एक्स दुप्पट करावं लागेल. नुसतं वाय काढलं तर एकच एक्स उरतं आणि टर्नर सिंड्रोम हा जन्मजात विकार होतो. शिवाय बीजांड आणि गर्भाशय कुणाचं? १९९६ मध्ये डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली ती २७७ जुळवलेल्या बीजांडांतून एकच. आणि हो, स्त्री-पुरुष दोघांनाही बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. पुरुषात एक कमी असते हे चूक आहे.

१२. ‘आपण आपल्या प्रतिरूपाचा माणूस करू’ यात अनेकवचन आहे. मग परग्रहवासी?

१:२६ मध्ये अनेकवचन, लगेच १:२७ मध्ये ‘देवाने माणूस निर्माण केला’ असं एकवचन. परग्रहवाले पहिली ओवी घेतात, दुसरी सोडतात. प्राचीन राजदरबाराच्या भाषेत किंवा देवाच्या स्वर्गीय सभेच्या कल्पनेत या अनेकवचनाचा उलगडा होतो. ख्रिस्ती परंपरा त्यात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) वाचते. जनुकांच्या बाजूने पुरावा विरोधातच आहे: माणूस इतर वानरकुळाशी सलग जोडलेला दिसतो, मधेच बाहेरून घातलेला तुकडा दिसत नाही. कथा म्हणून लिहा, पण ‘पुरावा’ हा शब्द टाळा.

१३. ‘देव बोलला आणि झालं’ म्हणजे प्रोग्राम? डीएनए हा कोड आहेच ना?

मानवी जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, ३२० कोटी अक्षरांचा. प्रत्येक अक्षराला दोन बिट धरले तर सुमारे ८०० मेगाबाइट, म्हणजे एका सीडीपेक्षा थोडा जास्त. त्यातला प्रथिनं लिहिणारा भाग दीड टक्क्याच्या आसपास.

इथे विसरलं जातं ते हे की कोड एकटा काही करत नाही. तो वाचणारी पेशी आधी लागते. २०१० मध्ये जीवशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने सुमारे १०.८ लाख अक्षरांचा जीनोम रसायनांतून बांधला आणि जीवाणूत घालून चालवला. पण तो जीवाणू आधीपासून जिवंत होता. मधे काम अडलं होतं, कारण एका अत्यावश्यक जनुकातलं एकच अक्षर गळालं होतं. २०१६ मध्ये त्यांनी ४७३ जनुकांपर्यंत छाटणी केली. त्यातल्या १४९ जनुकांचं काम काय, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. शब्दाने सृष्टी घडवण्यावर लिहायचं असेल तर हे प्रयोग नीट वाचावेत, त्यात फार मोठा ऐवज आहे.

सगळं विश्वच संगणकावर चालतंय का, हा वेगळा प्रश्न. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ मध्ये तो तर्काने मांडला. ‘हे चूक ठरेल, जर…’ ही ओळ तिथे भरता येत नाही (प्रश्न १).

१४. दुसऱ्या अध्यायात माणूस प्राण्यांच्या आधी येतो. मग कोणता क्रम धरायचा?

दोन्ही वेगळ्या कागदांवर मांडा. अभ्यासकांच्या मते या दोन स्वतंत्र परंपरा आहेत आणि जोड २:४ पाशी आहे. पहिलीत पाणी जास्त, जमीन नंतर. दुसरीत कोरडं रान आणि पाऊस नसलेली जमीन. दोन्ही एकाच वेळापत्रकात कोंबली की दोन्ही बिघडतात.

१५. मग नासदीय सूक्त आणि दशावतारही विज्ञानाशी जुळतात की!

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त अंधाराने झाकलेल्या अंधाराबद्दल आणि पाण्याबद्दल बोलतं, आणि शेवटी हे सगळं कुणाला ठाऊक, असं विचारतं. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रमही उत्क्रांतीसारखा भासतो. नियम तेच, तीन रकाने. वराह सस्तन, नरसिंह अर्धा सस्तन, पुढे सगळी माणसं, म्हणजे तिसऱ्या अवतारापुढे जुळणी पातळ होते. दोन ग्रंथांत स्पर्धा लावू नका. दोन्ही तक्ते शेजारी लावले तर दोन्हीकडचे लोक जास्त सावधपणे वाचतात.

१६. चर्चला हे चालतं का?

चर्चप्रमाणे उत्तर बदलतं. कॅथलिक चर्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतकापलीकडची गोष्ट आहे असं म्हटलं. काही प्रोटेस्टंट मंडळ्या सहा दिवस अक्षरशः मानतात. त्यांच्या सभेत हा विषय घ्यायचा तर आधी पाळकांशी बोला. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावलं होतं की निसर्गाचं ज्ञान असलेल्या परक्यांपुढे ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलू नये, कारण मग ते पुनरुत्थानाबद्दल तरी विश्वास का ठेवतील?

१७. ‘नासाच्या संगणकाला यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस सापडला’ हा फॉरवर्ड खरा आहे का?

खोटा. (यहोशवाच्या लढाईत सूर्य जवळजवळ दिवसभर थांबला, असं बायबल सांगतं; फॉरवर्डचा रोख त्यावर आहे.) संगणक ग्रहांची जागा मागे मागे मोजतो तेव्हा तो आजच्या स्थितीपासूनच निघतो. मधे एक दिवस गळला असेल तर ते कळायला त्या काळाची स्वतंत्र, तारीखवार नोंद हवी. ग्रहणांच्या विश्वासार्ह नोंदी बाबिलोनी पाट्यांवर मिळतात त्या इसवीसनपूर्व आठव्या शतकापासून, यहोशवाच्या बऱ्याच नंतर. त्यांतून पृथ्वीचा दिवस शतकाला दोन मिलिसेकंदांहून थोडा कमी लांबतो, एवढं कळतं. पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: कोणत्या नोंदीशी ताडलं?

१८. तरुणांच्या गटासाठी सत्र घ्यायचंय. काय तयारी करावी?

कालपट्टी करा. बिलाच्या यंत्राचा ५७ मिलिमीटर रुंदीचा कागदी रोल घ्या, लांबी १५ मीटर किंवा जास्त. बारके रोल त्याहून आखूड असतात, वेष्टनावर बघून घ्या. प्रमाण: १ मीटर म्हणजे १०० कोटी वर्षं, म्हणून पट्टी १३.८ मीटर. आजपासून मागे मोजा. पृथ्वी ४.५४ मीटरवर, ऑक्सिजन २.४ मीटरवर, मासे ५० सेंटिमीटरच्या थोडं पलीकडे, जमिनीवरच्या वनस्पती ४७ सेंटिमीटरवर, चार पायांचे प्राणी ३७, पक्षी १५, फुलझाडं १३, देवमासे ५. दख्खनचा लाव्हा साडेसहा सेंटिमीटरवर. माणूस ०.३ मिलिमीटर, म्हणजे टोकदार पेन्सिलीची रेघ. दुसऱ्या टोकाला मोकळा झालेला प्रकाश ०.३८ मिलिमीटरवर, तशीच एक रेघ.

मग सहा रंगीत चिठ्ठ्यांवर सहा दिवस लिहा आणि गटाला त्या पट्टीवर लावू द्या. वाद फळझाडांच्या चिठ्ठीवर सुरू होतो, तो होऊ द्या. दोन तास पुरतात, पैकी तासभर चिठ्ठ्यांसाठी राखा.

बिघडतं ते असं: बिलाचा कागद बहुधा थर्मल, म्हणजे उष्णतेने काळा पडणारा असतो; त्याच्या गुळगुळीत बाजूवर शाई पसरते आणि उन्हात ती बाजू काळवंडते, म्हणून उलट्या बाजूला पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात दमट भिंतीवर सेलोटेप सुटतो, सुतळी बांधून कागदाला चिमटे लावा. १३.८ मीटरची सरळ भिंत बहुतेक हॉलमध्ये मिळत नाही. पट्टी कोपऱ्यात वळवायची असेल तर वळण ५ ते ९ मीटरच्या दरम्यान ठेवा. तो भाग जवळजवळ कोरा असतो, आणि शेवटचा अर्धा मीटर, जिथे सगळी गर्दी होते, सलग आणि डोळ्यांच्या उंचीवर राहतो.